‘फिजिओथेरपी करावी’ एवढ्यावर भागत नाही: गुडघे बदलणाऱ्या सर्जनांना खुले पत्र

प्रति,
गुडघेबदल शस्त्रक्रिया करणारे राज्यातले सर्व ऑर्थोपेडिक सर्जन

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ असते. टाके अमुक तारखेला, रक्त पातळ ठेवायची गोळी इतके दिवस, सहा आठवड्यांनी दाखवायला येणे, आणि सगळ्यात शेवटी ‘फिजिओथेरपी करावी’. काही ठिकाणी तर तिचा शिक्काच करून ठेवलेला असतो. कुणाकडे करावी, कधीपासून, किती दिवस, गुडघा कुठवर वाकला म्हणजे पुरे, यातलं त्या ओळीत काही नसतं.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीची ओपीडी चालवते. गुडघा पुण्यात बदललेला असो, मिरजेत, कोल्हापुरात की मुंबईत, माणूस चार-पाच दिवसांत घरी येतो आणि ती ओळ घेऊन उशिरा का होईना माझ्याकडे पोहोचतो. उशिरा म्हणजे बहुतेक वेळा महिना होत आलेला असतो.

तुमच्या हातातल्या कौशल्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वर्षानुवर्षं बाक आलेले पाय तुम्ही सरळ करता, दुखण्यानं रात्री जागून काढणाऱ्या बायका सहा महिन्यांनी शांत झोपतात, हे मी बघते. माझं म्हणणं टाके निघण्याच्या आधीपासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळापुरतं आहे. त्या काळात पेशंट तुमचा असतो की माझा, हे कुणीच ठरवलेलं नसतं. म्हणून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा होतो.

घरी गेल्यावर काय होतं ते सांगते. सून गुडघ्याखाली उशी ठेवते. मायेनंच ठेवते. पाय थोडा वाकलेला राहिला की कळ कमी येते, म्हणून उशी दिवसरात्र तिथेच राहते. पंधरा दिवसांनी आजींचा पाय सरळ होत नाही. पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य अंश धरले, तर तो दहा-पंधरा अंशांवर अडतो. सरळ न होणारा गुडघा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षाही जास्त छळतो. उभं राहिलं तरी मांडीचा स्नायू सतत ताणून धरावा लागतो, पाय लवकर थकतो, लंगडणं जात नाही. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा खाली दबतो. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. वॉर्डात कुणीतरी सांगितलेलंही असतं, पण सलाईन चालू, भेटायला आलेल्यांची गर्दी आणि तोंडावर अजून भुलीचा अंमल, अशा वेळी सांगितलेलं टिकत नाही.

दुसरं म्हणजे भीती. “डॉक्टरनी एवढा महागाचा सांधा बसिवलाय, उगं वाकिवला आन् तुटला म्हंजे?” हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता पहिल्याच भेटीत न विचारता उत्तर देऊन टाकते. तुम्ही वॉर्डातून जाता जाता ‘जपा हं’ म्हणता, पडू नका एवढाच त्याचा अर्थ असतो. घरचे लोक मात्र त्याचा अर्थ हलवू नका असा लावतात. मग आजींना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळतो.

वेदनाशामक गोळ्यांची तर निराळीच कथा. कुणीतरी सांगतं, या गोळ्यांनी किडनी जाते. झालं, तिसऱ्या दिवसापासून गोळी बंद. त्यानंतर गुडघ्याला हात लावू देत नाहीत, आणि मला त्यांचा रागही येत नाही, कारण दुखणं खरं असतं. ज्यांची किडनी खरोखर कमजोर आहे त्यांना कोणती गोळी चालेल, हे तुम्हीच ठरवायचं आहे. तो माझा अधिकार नाही. ‘व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास ही गोळी, इतके दिवस’ एवढं तुमच्या अक्षरात लिहिलेलं असलं की मला कुणाशी वाद घालावा लागत नाही.

हिशेब तुम्हाला पाठ आहे, तरी मांडते, कारण हे पत्र पेशंटच्या घरचेही वाचतील. सपाट जमिनीवर नीट चालायला गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकावा लागतो. जिना चढायला ८५-९०. खुर्चीतून हात न टेकता उठायला १०० च्या आसपास. घरी जाताना किंवा टाके निघेपर्यंत ९० गाठावेत, पुढच्या दोन-अडीच महिन्यांत ११० ते १२०, आणि पाय पूर्ण सरळ व्हावा, असं आपण सगळेच धरून चालतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्याहून खाली येते. ती नुसतं घरात फिरून परत येत नाही. जखम भरताना गुडघ्याच्या आत ताठर ऊती धरत जातात, तसा प्रत्येक आठवडा आदल्या आठवड्यापेक्षा अवघड होतो. मग भूल देऊन गुडघा वाकवायची पाळी येते आणि तेही पहिल्या तीन महिन्यांच्या आत केलं तर जास्त उपयोगी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ७० अंशांवर अडकलेला गुडघा घेऊन कुणी माझ्याकडे पहिल्यांदाच येतं, तेव्हा मी त्यांना तुमच्याकडे परत पाठवते. त्यांना वाटतं, ही बाई आपल्याला टाळतेय.

आता एसटीबद्दल. हसू नका. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या खेड्यांतल्या आज्यांना भाड्याची फारशी चिंता नाही. अडचण पायरीची आहे. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच, की नवीन गुडघ्याच्या तिसऱ्या आठवड्यात ती चढायची म्हणजे खालून एकानं ढकलायचं आणि वरून एकानं ओढायचं. फिजिओथेरपीला पोहोचायला जेवढा गुडघा वाकायला हवा, तेवढा तो फिजिओथेरपी झाल्यावरच वाकणार. रिक्षा करायची तर जायचे-यायचे पैसे माझ्या फीपेक्षा जास्त होतात. ‘रोज फिजिओ करा’ असं सांगताना ही पायरी तुमच्या डोळ्यांसमोर असावी, एवढीच विनंती.

आणि खरं सांगायचं तर रोज येण्याची गरज बहुतेकांना नसतेच. हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतेय असं वाटेल, पण तसं आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२० मध्ये सांधेबदलाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा रोख साधारण असा आहे: बऱ्याच जणांना नीट शिकवलं तर घरचा व्यायाम पुरतो, ज्यांना रोजची कामं जमत नाहीत, ज्यांच्या हालचालीत अडचण उरली आहे, किंवा ज्यांची घरच्या व्यायामानं प्रगती होत नाही, त्यांना मात्र ओपीडीत, समोर बसवून, एकट्यानं किंवा गटात उपचार द्यावेत. आता ‘प्रगती होत नाही’ हे कळायला कुणीतरी मोजायला हवं. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. एक तर रोज येऊन पैसे घालवायचे, नाहीतर सहा आठवडे कुणीच बघायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा, चौथ्यात एकदा आणि सहाव्यात एकदा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून आकडा लिहिला, तर कोण घरी सांभाळलं जाईल आणि कुणाला आठवड्यातून तीनदा बोलवायला हवं, हे आपोआप वेगळं होईल.

माझ्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. ‘फिजिओथेरपी’ म्हणजे शेक, अशी आमच्याकडे लोकांची पक्की समजूत आहे आणि ती आमच्यातल्याच काहींनी करून दिली आहे. पलंगावर झोपवायचं, मशीन लावायचं, वीस मिनिटांनी घंटा वाजली की पुढचा. पेशंट खूश, कारण दुखत नाही. गुडघा मात्र होता तिथेच. धातूच्या सांध्यावर शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे खोलवर शेक देणारं विजेचं मशीन, लावायची नाही हे कॉलेजात शिकवलेलं असूनही लावणारे महाभाग मी पाहिलेत. फिजिओथेरपीची पदवीच नसलेले, मालिश करून गुडघा ‘मोकळा’ करून देणारे निराळेच. तुमच्या त्या एका ओळीत यातलं काहीही बसतं. पेशंटनं महिनाभर शेक घेतला तरी त्यानं तुमचा सल्ला पाळला असंच त्याला वाटतं, आणि कागदाप्रमाणे ते बरोबरही आहे.

मोठ्या रुग्णालयांच्या बिलात सीपीएम मशीनचं भाडं असतं. पाय आपोआप वाकवणारं ते मशीन बघून नातेवाइकांना फार समाधान वाटतं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात त्याचा फायदा इतका थोडा निघाला, की त्यासाठी वेगळा खर्च करण्यात अर्थ नाही. ते पैसे पुढच्या तीन भेटींकडे वळवता आले असते, असं बिल बघताना दर वेळी मनात येतं.

पैशाचा विषय निघालाच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला ५४,७२० रुपये, जास्त वाकण्यासाठी बनवलेल्या हाय-फ्लेक्सला ५६,४९०, वर जीएसटी. त्याआधी याच सांध्यांची किंमत लाखाच्या वर लावली जायची. तेव्हापासून आमच्याकडचे लोकसुद्धा इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावून मागतात, कंपनी विचारतात, भाव विचारतात. चांगलंच झालं. पण ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांचा भाव कुणी विचारत नाही, कारण तो कुणी सांगत नाही. पॅकेजमध्ये खोली असते, इम्प्लांट असतं, भूलतज्ज्ञ असतो. डिस्चार्जनंतरची फिजिओथेरपी नसते. घरी गेल्यावर जेव्हा ती पुढ्यात येते तेव्हा घरातली शिल्लक संपलेली असते. मुलगा म्हणतो, ‘ऑपरेशन तर झालं ना आता?’

आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ती योजना सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना उत्पन्न न बघता खुली झाली, म्हणजे गुडघे बदलायच्या वयाच्या फार मोठ्या वर्गाला. पंधराव्या दिवशी टाके नुकते निघालेले असतात. खासगी विमा असेल तर गोष्ट थोडी बरी: आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात. पण तिथेही विमा कंपनी विचारते, उपचार कुणी सांगितला, किती सांगितला, कशासाठी सांगितला. ‘फिजिओथेरपी करावी’ या दोन शब्दांवर क्लेम भरायला बसलेल्या माणसाची काय फजिती होते, ते मी माझ्या टेबलावर बघते. सत्रांची संख्या आणि कारण तुमच्या सहीनं लिहिलेलं असलं तर निदान भांडायला कागद असतो. योजनेचे नियम बदलणं तुमच्या हातात नाही, मान्य. पण शासनाच्या समित्यांवर तुमच्यातलेच लोक बसतात. पंधरा दिवसांचे नव्वद दिवस करा, निदान सांधेबदलापुरते, हे तुम्ही म्हणालात तर ऐकलं जाईल. आमचं कोण ऐकतं?

सरकारी बाजू अगदीच रिकामी आहे असंही नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वयोवृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आणि त्याखालच्या रुग्णालयांतही पुनर्वसनाची सेवा अपेक्षित आहे. जिथे पद भरलेलं आहे तिथली मुलं-मुली उत्तम काम करतात, आणि फुकट. पण पेशंटला ते माहीतच नसतं, कारण खासगीत ऑपरेशन करणारे डॉक्टर सरकारी ओपीडीचं नाव घेत नाहीत. घ्या की. फिजिओथेरपीचं शिक्षण या राज्यात १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं, आता कितीतरी जिल्ह्यांत कॉलेजं आहेत. गावात फिजिओ मिळत नाही ही सबब पूर्वीइतकी चालणार नाही.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न तुम्हालाही विचारतात: “मांडी घालता येईल का?” देवाला बसायचं असतं, चुलीपुढे बसून भाकरी थापायची असते, पंगतीत बसायचं असतं, लेकीच्या घरचा संडास अजून जुन्याच पद्धतीचा असतो. इथे तुमच्यातल्या काहींच्या जाहिराती आडव्या येतात. फोटोत मांडी घालून बसलेल्या बाई आणि खाली हाय-फ्लेक्स गुडघ्याचं नाव. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल, हे मुख्यतः ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावर ठरतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हाय-फ्लेक्समुळे त्यात लक्षात येण्याजोगा फरक पडतो असं अभ्यासांत ठोसपणे दिसलेलं नाही. तरीही मांडीचं आश्वासन दिलं जातं आणि ते न पुरं झाल्याचा राग तिसऱ्या महिन्यात माझ्यावर निघतो. ‘बाई, तुम्ही नीट वाकिवला न्हाई.’ त्यापेक्षा आधीच स्पष्ट सांगा: चालणं सुधारेल, दुखणं जाईल, मांडी विसरा, पाटाऐवजी खुर्ची, संडासाला कमोडची खुर्ची. माणसं ऐकतात. आपल्या लोकांना खरं सांगितलेलं चालतं, फसवलेलं चालत नाही.

माझी आणखी एक काळजी आहे, ती जास्त गंभीर. माझ्या टेबलावर कधी कधी अशी जखम उघडते, की पट्टी ओली असते. कधी पोटरी सुजून कडक झालेली असते, दाबली की पेशंट ओरडतो. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, सांध्यात जंतुसंसर्ग सुरू झालेला असू शकतो, आणि दोन्हींत तास मोजायचे असतात. मी कार्डावरचा नंबर लावते. तो रिसेप्शनचा असतो. ‘सर ओटीत आहेत, उद्या फोन करा.’ माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला थेट लावता येईल असा एक नंबर, तुमच्या सहायक डॉक्टरचा का असेना, कार्डावर हवा. आम्ही उगाच फोन करत नाही. गुडघ्याला सूज आहे, रात्री ठणकतो, एवढ्यासाठी तर नाहीच. ते आम्ही सांभाळतो.

तेव्हा मागणं थोडंच आहे. घरी सोडताना गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो, हे दोन आकडे कार्डावर लिहा. पुढची तीन मोजमापं कोणत्या आठवड्यांत करायची ते लिहा, आणि कोणत्या आकड्याखाली राहिलं तर तुमच्याकडे परत यायचं तेही. व्यायामाच्या वेळची गोळी लिहा. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले असतील तर तसं ठळक लिहा. अशा माणसाला टेकायला चांगला पायच नसतो, त्याला घरी जाऊन शिकवावं लागतं. तुमच्या पॅकेजच्या दरपत्रकात तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचा अंदाजे खर्च वेगळ्या ओळीत दाखवा, तुम्ही तो घेत नसलात तरी. आणि कार्डावर माझं नाव लिहा असं मी म्हणत नाही. रेफरलच्या बदल्यात पाकीट ही पद्धत जिथे चालते तिथे चालो, मला त्यात पडायचं नाही. ‘पदवीधर फिजिओथेरपिस्टकडून, व्यायामासह’ एवढे शब्द टाकले तरी शेकवाले गळतील.

शेवटचं काम तुम्ही या आठवड्यापासूनच करू शकता. ज्यांना पुढच्या महिन्याची तारीख दिलीय त्यांना ऑपरेशनच्या आधी एकदा जवळच्या फिजिओकडे पाठवा. वॉकर कसा धरायचा, पलंगावरून कसं उतरायचं, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, पुढे काठीवर आलात की ती चांगल्या बाजूच्या हातात, हे सगळं दुखत नसताना शिकवलं की डोक्यात बसतं. मांडीचा स्नायू ताठ करायचा व्यायाम ते महिनाभर आधीच सुरू करतात. घरात कोण आहे, संडास कुठे आहे, पलंग किती उंच, हेही तेव्हाच कळतं आणि सूनबाईंशी ओळख होते. पुढचं अर्धं काम त्यांनाच करायचं असतं. माझ्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा पाठवलंत तर नीट वेळ देता येईल. सोबत एक्स-रेची फिल्मच द्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोत खिडकीचं प्रतिबिंब दिसतं, गुडघा दिसत नाही.

आपली,
तालुक्याच्या गावची एक फिजिओथेरपिस्ट